मंद श्वसन आणि हृदयाचे आरोग्य

वर्गात नाडी मोजण्याचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "गुरुजी, माझी नाडी मध्येच जलद का होते?" पुष्कळदा शिक्षक ही मोजणीतील चूक समजतात, क्वचित मुलाच्या हृदयात दोष असावा, अशी शंकाही घेतात. वस्तुतः मुलाचे निरीक्षण बहुधा अचूक असते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात व सोडताना मंदावतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली यंत्राच्या साहाय्याने हे नोंदविले. बालवयात हा फरक स्पष्ट जाणवतो. वयोमानाप्रमाणे तो पुसट होत जातो.

हृदयाची गती आपल्या आज्ञेत नाही. श्वास मात्र काही अंशी आहे. मानेतील रोहिणीत व हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत रक्ताचा दाब जोखणारे सूक्ष्म मज्जातंतू असतात. दाब वाढताच ते मेंदूस वर्दी देतात. मग हृदयाची गती कमी होते, रक्तवाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत ही पहारेदारी बोथट झालेली असते. एरवी प्रौढ माणूस मिनिटास बारा ते वीस वेळा श्वास घेतो. ही संख्या सहाच्या आसपास आणली, तर श्वासाची लय रक्तदाबाच्या नैसर्गिक चढउताराशी जुळते आणि ही यंत्रणा अधिक तत्पर होते.

इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक मोठी मनोरंजक गोष्ट दाखवून दिली. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि "ओम् मणि पद्मे हुम्" हा मंत्र, दोहोंच्या पठणाने श्वास आपोआप मिनिटास सहावर येत होता. २००५ सालच्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या वीस रुग्णांनी याच गतीने श्वसन केले असता त्यांचा वरचा दाब सरासरी आठ-नऊ अंकांनी उतरला. अर्थात हा उतार प्रत्यक्ष श्वसन चालू असतानाचा. तो कायम टिकतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

सराव अगदी साधा आहे. पाठ ताठ पण सैल ठेवून बसावे, नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा व सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. पाच-दहा मिनिटे पुरेत. चक्कर आल्यास थांबावे. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये आणि वेगवान श्वसनाचे प्रकार वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नयेत. परिपाठाच्या वेळी मुलांकडूनही श्वास रोखण्याच्या स्पर्धा करवू नयेत. दोन मिनिटे सावकाश श्वसन केले तरी पुष्कळ झाले.

प्राणायाम सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करण्याची चूक सुशिक्षित माणसेही करतात, शिक्षकही करतात. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही; ती कळते ती कधीकधी पक्षाघाताचा झटका आल्यावरच. यास्तव सरावापूर्वी व त्यानंतर दर महिन्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजवून तो आकडा तारखेसह वहीत टिपून ठेवावा. गोळी कमी करावयाची की नाही, हे ती वही पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे.