गेअर लॉकच्या काठावरून

ग्लासगो : क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून हेलन्सबरोची गाडी पकडली की पाऊण तासात समुद्र लागतो. टेलिव्हिजनवाले जॉन लोगी बेअर्ड याच गावचे. पुढे बस गेअर लॉकच्या काठाकाठानं जाते. लॉक म्हणजे आपली खाडी. दाभोळची खाडी डोळ्यांपुढे आणा; फक्त माड नाहीत आणि पावसाळा बारमाही. मग डाव्या हाताला काटेरी तारांचं कुंपण सुरू होतं आणि बराच वेळ संपत नाही. हे फॅसलेन. ब्रिटनच्या चारही अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा मुक्काम इथेच. डोंगरापलीकडे लॉक लाँगच्या काठी कूलपोर्ट आहे, तिथं स्फोटकाग्रं (वॉरहेड) ठेवतात.

यातलं काहीच गुपित नाही, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. कुंपणाजवळ रस्त्याच्या कडेला १९८२ पासून युद्धविरोधकांची छावणी आहे : भडक रंगवलेल्या जुन्या कॅरव्हान आणि चिखल. माणसं बदलत गेली, छावणी हलली नाही. पाणबुडी परत आली की तिचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत असतात. अलीकडे पाणबुड्यांच्या समुद्रातल्या फेऱ्या सहा महिन्यांच्याही पुढे लांबू लागल्यात. परतलेल्या पाणबुडीच्या अंगावरचं शेवाळ फोटोत दिसलं, त्यावरूनच इथं केवढी चर्चा झाली! जुन्या पाणबुड्या दुरुस्तीत अडकतात, नव्या अजून तयार नाहीत. पण १९६९ पासून एक तरी पाणबुडी सतत समुद्रात हवीच, हा ब्रिटनचा नेम आहे. त्याचा भार उरलेल्या पाणबुड्यांवरच्या खलाशांवर पडतो.

वाद बॉम्बवर आहे, तितकाच तो ठेवायचा कुठं हे ठरवणार कोण, यावरही आहे. स्कॉटलंडला १९९९ पासून स्वतःची संसद आहे. शाळा, इस्पितळं, पोलीस तिच्या हातात. संरक्षण मात्र लंडनकडे. जुलै २०१६ मध्ये नव्या पाणबुड्यांचा ठराव लंडनच्या संसदेत ४७२ विरुद्ध ११७ मतांनी पास झाला. स्कॉटलंडच्या ५९ खासदारांपैकी बाजूनं मत देणारा एकच होता. त्याच चर्चेत एका स्कॉटिश खासदारानं पंतप्रधान थेरेसा मे यांना सरळ विचारलं : लाखभर निरपराध माणसांचा जीव घेणारा हल्ला करायला तुम्ही तयार आहात का? त्यांनी तिथल्या तिथं ‘हो’ म्हटलं. अण्वस्त्रांचा अर्थ भर सभागृहात एवढा उघड करून मागणारा प्रश्न आणि एवढं बिनआडपडद्याचं उत्तर मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचीही (एसएनपी) गोची आहेच. पाणबुड्या नकोत, पण २०१२ पासून पक्षाला नाटो हवी आहे. आणि नाटो स्वतःला अण्वस्त्रांची युती म्हणवते. विरोधक नेमकं तिथंच बोट ठेवतात.

स्फोटकाग्रांची देखभालीसाठी इंग्लंडमधल्या बर्कशरला ने-आण करतात, तीही साध्या रस्त्यानं. हिरवे ट्रक, पुढंमागं पोलीस. काही स्वयंसेवक वर्षानुवर्षं या ताफ्याच्या मागावर असतात. कुठल्या पुलावरून कधी गेला, हे टिपून जाहीर करतात. सरकार होही म्हणत नाही, नाहीही. २०२१ मध्ये स्फोटकाग्रांची कमाल मर्यादा २२५ वरून २६० केली आणि नेमका साठा सांगणंही बंद केलं.

आणि कोर्टकचेरी. १९९९ च्या जूनमध्ये तीन स्त्रिया लॉक गॉइलमधल्या, याच पाणबुड्यांसाठी काम करणाऱ्या एका तरंगत्या प्रयोगशाळेवर चढल्या आणि तिथली यंत्रं खाडीत फेकून दिली. ग्रीनकच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी ज्यूरीला त्यांची निर्दोष सुटका करायला लावली. २००१ मध्ये वरच्या कोर्टानं त्या निकालामागची कायद्याची बाजू चुकीची ठरवली. सुटका मात्र कायम राहिली.

युक्रेनवर हल्ला झाल्यापासून वादाचा सूर बदललाय. ‘आत्ता कसे काढता?’ असं पूर्वी गप्प बसणारेही विचारतात. आणि पोटापाण्याचं काय? खाडीकाठच्या घराघरांतलं कुणी ना कुणी तळावर कामाला असतं. एका घरात बाप वेल्डर आणि लेक मोर्चात, असंही असतं म्हणे.

परतीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभा होतो. शेजारी एक आजोबा, हातात जाळीची पिशवी, पिशवीत बटाटे. तळावर तीस वर्षं नोकरी केलेले. पाणबुड्या जाव्यात की राहाव्यात, असं विचारलं तर म्हणाले, ‘जाव्यात. पण माझं पेन्शन त्यांच्याबरोबर जायला नको.’ मग माझं गाव विचारलं, देश विचारला, आणि सहज म्हणाले, ‘तुमच्याकडेही आहेत की. त्या कुठं ठेवतात?’

आपल्याकडे जैतापूरच्या वीजप्रकल्पावर गावोगाव बोलणं झालं, मोर्चे निघाले, सभा झाल्या. पण बॉम्बबद्दल असा प्रश्न मला कुणी एसटीच्या थांब्यावर विचारलेला आठवत नाही. ‘अरिहंत’ नावाची पाणबुडी विशाखापट्टणमला बांधली, एवढंच मी सांगू शकलो. मी मुद्दाम लपवतोय असं वाटून आजोबा डोळा मिचकावून हसले. तेवढ्यात बस आली.