पोषणाचे धडे आणि तुमसरचे ताट

तुमसर ही पूर्व विदर्भातील तांदळाची मोठी बाजारपेठ होय. या भातपट्ट्यात घरोघरी भात हेच मुख्य अन्न आहे. त्याने पोट भरते. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या भिन्न बाबी आहेत. वाढीच्या वयात हा भेद विशेष जाणवतो. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली व ३१ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली.

नेमक्या याच वयात शाळेतील भोजन थांबते. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला मध्यान्ह भोजनातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. नववीपासून हा आधार नाही. तेथून पुढे ताटात काय असावे, हे विद्यार्थ्यालाच उमगावे लागते.

पोषणाच्या तक्त्यावर बहुधा सफरचंद आणि लोणी असते. शेतमजुराच्या मुलीला त्याचा उपयोग तो काय? तिच्या घरी असतात तांदूळ, लाखोरीची डाळ, जवस, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, तलावातील मासळी व शिंगाडे. धडा येथूनच सुरू व्हावयास हवा.

लाखोरीचेच पाहा. भाताच्या उभ्या पिकात ती फेकून पेरतात आणि उरलेल्या ओलीवर ती वाढते. म्हणून ती गरिबाची डाळ ठरली. प्रथिने भरपूर असली, तरी तिच्यात मज्जातंतूंना घातक असे द्रव्य असते. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, तरी शेतांतून ती गेली नाही. ती भिजवून, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषारी अंश बराच घटतो. पूर्णतः जात नाही. म्हणून तूर, मूग व हरभरा यांच्यासह आलटून-पालटूनच ती खावी.

भाताचे मात्र उलट आहे. गिरणीत अधिक पांढरा केलेल्या तांदळातील ब-१ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर जाते आणि पेज ओतून दिल्यास उरलेलेही घटते. उकड्या तांदळात ते अधिक टिकते. डाळीचे पाणी टाकावे आणि भाताची पेज ठेवावी, ही विसंगती कारणासह समजली तरच ध्यानात राहते. पाठांतराने ते साधत नाही.

ग्रामपंचायतींनाही येथे काम आहे. २०२० च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात व त्यापासून ५० मीटर परिसरात अति तेलकट, खारट व गोड पदार्थ विकता येत नाहीत. शाळेच्या परसबागेसाठी सांडपाण्याची सोय करून देणे तर फारसे खर्चाचेही नाही.

शाळांतून आठवड्यातून एकदा दिल्या जाणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबाबतही असेच आहे. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होते, शौच काळे होते, आणि मुली ती घेण्याचे टाळतात. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्या आगेमागे चहा घेऊ नये आणि जेवणात लिंबू असावे, एवढे शिक्षकांनी गोळी देण्यापूर्वीच सांगावे.