साडी एकच, माप जिचं तिचं

आमच्या बचत गटाने सगळ्यांसाठी एकसारख्या साड्या घेतल्या, ब्लाउजही तयारच आणले. बैठकीत एक ताई बोलायला उठेचनात. नंतर कळलं, ब्लाउज दंडात इतका रुतत होता की हात वर होत नव्हता. तेव्हा आम्ही ठरवलं, साडी एक, पण ब्लाउज जिच्या तिच्या मापाचा.

मापाला जुना ब्लाउज देऊ नका, अंग बदलत असतं. छाती, कंबर, दंड, मुंढा टेपने मोजून घ्या. सुती कापड आणि अस्तर आधी भिजवून वाळवा, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. शिवणीत बोटभर माया ठेवायला सांगा, पुढे उसवून सैल करता येतो.

साडी निवडताना उंची कमी असेल तर बारीक काठ घ्या, रुंद काठाने आपण अजून बुटक्या दिसतो. अंग भरलेलं असेल तर मऊ, चापून बसणारं कापड बरं. सडपातळ बाईला खळ दिलेली सुती साडी खुलते.

ब्लाउज होत नाही म्हणून अंगाला नावं ठेवू नका. कापड अंगासाठी बेतायचं असतं. पुढच्या बैठकीला टेप आणा, एकमेकींची मापं घेऊ.