मार्सेलिसचे २३१ दिवस

२३१ दिवस, ५ पंच आणि ५० वर्षांची शिक्षा. आश्रय नाकारल्याच्या ज्या वादाशी महाराष्ट्राचे सर्वांत जवळचे नाते आहे, त्याचे हे आकडे.

८ जुलै १९१० रोजी इंग्रजांच्या कैदेत असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली आणि पोहत फ्रान्सचा धक्का गाठला. राजकीय आरोपीला तिथे आश्रय मिळेल, ही आशा होती. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेले. त्यांच्यावरचे प्रकरण नाशिकच्या कटाचे होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकलेले. सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक या हत्येत वापरले गेले, असा आरोप होता.

आता तारखा ओळीने लावून पाहा. सावरकरांना परत द्या, ही फ्रान्सची मागणी जुलै १९१० मधली. वाद हेगच्या लवादाकडे सोपवण्याचा करार २५ ऑक्टोबरचा. मुंबईचे ३ न्यायमूर्तींचे विशेष न्यायालय मात्र थांबले नाही. पहिली जन्मठेप डिसेंबर १९१० मध्ये, दुसरी ३० जानेवारी १९११ रोजी. दोन्ही मिळून ५० वर्षे. हेगमध्ये लवाद बसला १४ फेब्रुवारीला. आश्रयाचा प्रश्न सुनावणीस येण्याआधीच शिक्षा होऊन गेली होती, आणि माझ्या मते खरा अन्याय इथेच झाला.

२४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा: फ्रेंच पोलिसाने अशा रीतीने ताबा दिला यात अनियमितता झाली, पण म्हणून आरोपीला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. इंग्रजांनी फसवणूक किंवा बळजबरी केलेली नाही, फ्रेंच पोलिसांना बोटीवरच्या कैद्याची आगाऊ खबर होती, हे कारण. बेल्जियमचे बेर्नार्ट अध्यक्ष होते. उरलेल्या चौघांत ब्रिटन आणि फ्रान्सचा एकेक पंच होता. दोन सरकारे भांडली. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, तो माणूस पक्षकारच नव्हता.

पुढे १९५१ च्या निर्वासित कराराने धोका असलेल्या ठिकाणी कुणाला परत धाडू नये, असे कलम ३३ मध्ये लिहिले. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. म्यानमारसारख्या देशांतून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांचे दिल्लीतले निर्वासित कार्यालय तपासते. नकार मिळाला तर अपीलही त्याच कार्यालयाकडे. न्यायालयात उरते ती रिट याचिका. चकमा निर्वासितांच्या खटल्यात ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यघटनेच्या कलम २१ चे जीविताचे संरक्षण परदेशी माणसालाही आहे. वैजापुरात राहणाऱ्या अशा माणसाला दाद मागायची तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ गाठावे लागेल. पण रिट म्हणजे अपील नव्हे; अर्जातला पुरावा तिथे नव्याने तपासला जाईलच असे नाही.

आश्रय नाकारलेल्या माणसाला स्वतःच्या नावाने, स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे, परत पाठवण्याआधी अपील करता यावे, असा कायदा संसदेने करावा.