मोसमी वारे आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळे



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांनी अनुभवलेला आहे. २०२१ साली १६ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. झाडे व विजेचे खांब कोसळून अनेक गावे अंधारात बुडाली. त्याच वर्षी २३ जुलैला पेडण्यातील शापोराकाठची गावे आणि डिचोली-सत्तरीचा सखल भाग पुराखाली गेला. त्या वेळी मात्र समुद्रात चक्रीवादळ नव्हते. जुलैत पाऊस अधिक, वारा जोराचा, बाष्पही विपुल; मग चक्रीवादळ मे महिन्यात का व्हावे आणि जुलैत का नाही?

चक्रीवादळ म्हणजे समुद्रावर उभा राहिलेला उष्णतेचा स्तंभ. सुमारे २६.५ अंश सेल्सियसहून उष्ण असलेल्या पाण्याची वाफ वर चढते, तिचे ढग होताना सुप्त उष्णता मुक्त होते आणि ती केंद्राच्या माथ्यावर साचत राहिली तर खालचा वायुदाब घटत जातो. हा स्तंभ ताठ उभा राहिला पाहिजे, ही मुख्य अट. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रावर सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेकडून जोराने वाहतो, तर चौदा-पंधरा किलोमीटरांवर पूर्वेकडून. पाय एकीकडे, माथा दुसरीकडे! साचू पाहणारी उष्णता विखुरते. तेच बाष्प सह्याद्रीला अडून वर चढते आणि पाऊस होऊन शापोरा, वाळवंटी या नद्यांतून वाहू लागते.

परंतु मोसमी वारा केवळ निवारक आहे असे नव्हे. तो केरळाकडे सरकू लागतो तेव्हा त्याच्या उत्तर कडेवरील हवेला गिरकी मिळते. वरचा पूर्ववारा अजून स्थिरावला नसेल, तर तापलेल्या समुद्रावर ती गिरकी वादळाचे बीज ठरू शकते. २०१९ व २०२३ या दोन्ही वर्षी मॉन्सून केरळात ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा पोहोचला आणि दोन्ही जूनमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ झाले: ‘वायू’ आणि ‘बिपरजॉय’. वादळाने बाष्प स्वतःकडे ओढून मॉन्सूनची पुढील वाटचालही अडवली; २०१९ मध्ये गोव्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. विलंबामुळे वादळ की वादळामुळे विलंब, हे वेगळे काढणे कठीण आहे. दोन वर्षांवरून नियम बांधण्याची घाई मी करणार नाही.

त्याच २०१९ साली मॉन्सूनची माघारही ९ ऑक्टोबरला, नोंदींतील सर्वांत उशिरा सुरू झाली. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उष्ण होता. मोसमी वारे ओसरताच ‘क्यार’ व पाठोपाठ ‘महा’ उद्भवले. ‘क्यार’ ओमानच्या दिशेने निघून गेले, तरी त्याच्या पावसाने गोव्यात कापणीस आलेले सरद भात आडवे केले.

मासेमारीचे पंचांग याच्याशी ताडून पाहावे. गोव्यात यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती मुख्यतः माशांच्या प्रजननासाठी. मे, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे वादळांचे महिने तिच्या बाहेर पडतात. हरमल-मोरजीच्या होड्या तेव्हा पाण्यात असतात. २००९ साली ११ नोव्हेंबरला ‘फयान’ कोकण किनाऱ्यावर आदळले, तेव्हाही मच्छीमार समुद्रातच होते.