एक्ससोबत ऑलिम्पिक फायनल खेळाल?

कल्पना करा. तुमचं ब्रेकअप झालंय. तरी त्याच माणसाबरोबर रोज प्रॅक्टिस करायची, त्याच्याच भरवशावर मेडल मिळवायचं आणि भर मॅचमध्ये वाजलंच, तर ते माइकमधून अख्ख्या जगाला ऐकू जाणार! नाही ना जमणार? स्वित्झर्लंडच्या जेनी पेरे आणि मार्टिन रिओसला जमलं. मिक्स्ड डबल्स कर्लिंगमधली २०१७ची वर्ल्ड चॅम्पियन जोडी. एकेकाळचं हे कपल २०१८च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये थेट फायनलला पोचलं.

खरं सांगते, बर्फावर झाडू मारतात तो खेळ, एवढीच माझी कर्लिंगशी ओळख होती. नाद लागला तो या जोड्यांमुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बर्फावरचा महाकाय कॅरम. स्ट्रायकरच्या जागी सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड आणि बोर्ड जवळपास ४५ मीटर लांब! दगड पलीकडच्या गोलात, म्हणजे 'हाऊस'मध्ये, मधोमध नेऊन थांबवायचा. वाटेतला बर्फ ब्रशने घासला की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो.

नेहमीच्या टीममध्ये चौघं असतात. एक दगड सोडतो, दोघं घासतात, कॅप्टन समोरून ओरडतो. एखाद्याचा मूड गेला तरी निभावतं. मिक्स्ड डबल्समध्ये एक ती आणि एक तो, बस्स. दगड सोडायचा, उठायचं आणि स्वतःच्याच दगडामागे ब्रश घेऊन पळायचं. एका एंडमध्ये प्रत्येक जोडीचे पाच दगड. पहिला आणि पाचवा एकाचा, मधले तीन दुसऱ्याचे. शिवाय दोघांचा एकेक दगड आधीच मांडून ठेवलेला असतो आणि चौथ्या दगडाआधी कुणाचाही दगड उडवायला बंदी. मग हाऊसमध्ये ही गर्दी! एक दगड चुकला की एका फटक्यात तीन-चार पॉइंट गेले. असे आठ एंड, आणि विचार करायच्या वेळेलाही घड्याळ लावलेलं. भांडायचं तर तेवढ्यातच उरकायचं.

या प्रकाराची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप २००८मध्ये फिनलंडला झाली, ऑलिम्पिकमध्ये यायला मात्र २०१८ उजाडलं. तिथे पेरे-रिओससमोर होते कॅनडाचे केटलिन लॉज आणि जॉन मॉरिस. ही जोडी अगदी ऐनवेळची. मॉरिसची ठरलेली पार्टनर रेचल होमन महिला टीमकडून ऑलिम्पिकला पात्र ठरली, म्हणून त्याने लॉजला विचारलं. म्हणजे लग्नघरात ऐनवेळी नवरी बदलल्यासारखंच. (कॅनडावाले माफ करोत!) व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी फायनल झाली. मी स्विस पार्टीत होते, पण कॅनडाने १०-३ असं लोळवलं. सहा एंडनंतर स्विस जोडीने हात मिळवून टाकले.

मग नवरा-बायकोच बरे, असं म्हणाल तर थांबा. त्याच स्पर्धेत ब्राँझ जिंकलं रशियाच्या अनास्तासिया ब्रिझगालोवा आणि अलेक्झांडर क्रुशेल्नित्स्की या नवरा-बायकोने. नंतर त्याच्या टेस्टमध्ये मेल्डोनियम सापडलं. एकाच्या सँपलपायी दोघांचं मेडल गेलं! तिचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ते ब्राँझ गेलं नॉर्वेच्या क्रिस्तिन स्कास्लिएन आणि माग्नुस नेद्रेगोत्तेनकडे. तेही नवरा-बायकोच झाले. २०२२ला बीजिंगमध्ये दोघं फायनलला पोचले आणि ८-५ने हरले. हरवणारे होते इटलीचे स्टेफानिया कॉन्स्तान्तिनी आणि आमोस मोझानेर, ११ पैकी ११ मॅचेस जिंकलेले. इटलीचं कर्लिंगमधलं हे पहिलंच ऑलिम्पिक मेडल, तेही थेट गोल्ड. ती तेव्हा अवघी २२ वर्षांची होती.

आणि २०२४ची वर्ल्ड चॅम्पियनशिप? स्वीडनमध्येच झाली, जिंकली इसाबेला आणि रास्मुस व्राना या स्वीडिश जोडीने. हे दोघं सख्खे बहीण-भाऊ. ब्रेकअपचा प्रश्नच नाही.