नागपंचमी ते दिवाळी

दौंड-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्याचे रेल्वेचे दार होय. येथे उतरणाऱ्याला एका अंगास उजनी धरणाच्या फुगवट्यावर पोसलेल्या उसाच्या आणि केळीच्या बागा दिसतात, तर दुसऱ्या अंगास पावसाच्या भरवशावर पडून असलेले ज्वारीचे माळ. या मुलखातील सरकारी दवाखान्यात नुकतेच दिवस गेलेली सून सासूच्या मागोमाग प्रथम येते आणि नर्सबाई ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ असे विचारतात, तेव्हा उत्तरादाखल तारीख क्वचितच मिळते. ‘नागपंचमीला बाहेर बसले होते,’ असे ती खालच्या आवाजात सांगते आणि नर्सबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने मागे उलटतात. या उत्तरास अडाणीपणा मानण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. कारण स्त्रीचे ऋतुचक्र आणि चांद्रमास यांत दीड दिवसाचेच काय ते अंतर असल्यामुळे गर्भाच्या वाढीचा हिशेब इंग्रजी तारखांपेक्षा आपल्या सणांवरच अधिक सुबोधपणे मांडता येतो.

तो मांडून पाहू. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला होती. वैद्यकशास्त्र गर्भाचे ४० आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते, म्हणजे पहिले दोन आठवडे मोजणीत असले तरी गर्भ अद्याप अस्तित्वातच नसतो. बीजांडाचे फलन गोकुळाष्टमीच्या आगेमागे होते, आणि विभागत विभागत पुढे सरकणारा तो पेशींचा सूक्ष्म गोळा श्रावणी अमावास्येच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. पाळी चुकते ती बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे हरतालिकेला. ज्या दिवशी ही सून कदाचित निर्जळी उपवास करीत असेल, त्याच दिवशी तिच्या देहात एका नव्या जिवाची नोंद झालेली असते आणि तिची तिलाही वार्ता नसते. गणपती बसतात, गौरी येतात, घर पाहुण्यांनी भरते. आणि अनंत चतुर्दशी उजाडण्यापूर्वीच त्या जिवाचे हृदय, जे अजून एका वाकलेल्या नळीपलीकडे काही नसते, स्पंदन पावू लागते.

पुढचा पंधरवडा पितरांचा. याच पंधरवड्यात, माळावर रब्बी ज्वारीच्या पेरणीची तयारी चाललेली असताना, गर्भाच्या पाठीवर एक अत्यंत नाजूक कार्य पुरे होते. पेशींच्या एका सपाट पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून त्यांची नलिका बनते; तिच्या वरच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू घडावयाचा असतो. वरचे टोक फलनानंतर सुमारे पंचविसाव्या दिवशी मिटते, खालचे अठ्ठाविसाव्या दिवशी. वरचे मिटले नाही तर मेंदू आणि कवटी पूर्ण घडतच नाहीत आणि असे मूल जगत नाही. खालचे मिटले नाही तर पाठीच्या कण्यात फट राहते आणि मूल पुढे पायांनी अधू होण्याचा संभव असतो. या वेळी सबंध गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, आणि पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. घरात अजून कोणी काही बोललेले नसते.

ही नलिका नीट मिटण्यासाठी फॉलिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व लागते, आणि त्याच्या शोधाची पहिली पायरी मुंबईत रचली गेली, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. ल्यूसी विल्स या इंग्रज स्त्रीडॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विलक्षण पंडुरोग जडत असे. त्यात रक्तपेशी संख्येने घटत, परंतु आकाराने फुगत, आणि कित्येक जणी त्यात दगावत. विल्सबाईंनी या बायकांच्या ताटात काय पडते याचा तपास केला, प्राण्यांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला, आणि अखेर ‘मार्माइट’ या यीस्टच्या स्वस्त अर्काने रोग हटतो असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात गुणकारी द्रव्यास पुष्कळ दिवस ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याचे बारसे झाले. पन्नास वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांत केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष आला: ज्या मातांचे आधीचे अपत्य अशा व्यंगाने ग्रस्त होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून हे जीवनसत्त्व दिल्याने व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळली. ज्या बायकांच्या रक्तावरून हा सारा शोध सुरू झाला, त्या मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या होत्या, आणि त्या गिरण्यांत पुष्कळ माणसे अशाच कोरडवाहू मुलखातून पोट भरण्यासाठी गेलेली होती. म्हणून या गोळीवर जेऊरच्या सुनेचा हक्क मला इतरांहून काकणभर अधिकच वाटतो.

हक्क असूनही गोळी तिच्या हाती पडते ती उशिरा. तीन महिने कोणास सांगू नये, असा आपल्याकडचा दंडक आहे. तिसऱ्या महिन्यात सासू सुनेची चोरओटी भरते, हिरवी चोळी देते, शेजारच्या केम गावचे कुंकू लावते, आणि मग हळूहळू वार्ता गावभर होते. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण होते, तेव्हा तर सारे गणगोत तिचे लाड करण्यास जमते. या मौनाचा उगम मी जाणतो. आरंभीच्या आठवड्यांत गर्भ टिकेलच याची शाश्वती नसते, आणि जे टिकले नाही त्याबद्दल चारचौघांत उत्तरे देत बसण्याची पाळी पोरीवर येऊ नये, एवढीच त्यात माया आहे. परंतु या मायेने राखलेली मुदत आणि अवयव घडण्याची मुदत नेमकी एकच आहे. घट बसतात तेव्हा हाताच्या पंजावर बोटांच्या खुणा उमटलेल्या असतात. कोजागिरीपर्यंत सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या त्या देहात सर्व प्रमुख अवयवांची मांडणी झालेली असते. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बारा आठवडे भरतात, त्यानंतर मुख्यतः वाढ व्हावयाची उरते. चोरओटी भरली जाते ती घडण पुरी झाल्यावर.

म्हणून माझे सांगणे असे की गावाला सांगू नका, पण आशाताईला सांगा. त्याहून बरे म्हणजे मूल हवे असे ठरताच, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी सुरू करा. आधीचे अपत्य अशा व्यंगाचे असेल तर मात्रा पुष्कळ मोठी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. पाळी चुकताच लघवीची तपासणी घरच्या घरी करता येते. त्यासाठीची ‘निश्चय’ पट्टी आशाताईंजवळ असते. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्याच्या दप्तरात नाव नोंदवले की रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि साखर यांचा पहिला दाखला हाती येतो. लोहाच्या गोळ्या मात्र सर्वसाधारणपणे तिसरा महिना उलटल्यावर सुरू करतात, आणि त्या चहासोबत घेऊ नयेत.

आहाराबाबत, दोन जिवांची बाई म्हणून तिने आरंभापासून दुप्पट जेवावे, हा समज खरा नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत अन्नाचे प्रमाण फारसे वाढवावे लागत नाही, अन्नाचा कस वाढवावा लागतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. त्याच अभ्यासात ६० टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. ते दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतच असते. तेव्हा दुधाचा सगळा रतीब डेअरीला घालून सुनेला कोरा चहा देणाऱ्या घराने याचा विचार करावा. मेथी, तांदुळजा, चाकवत, हरभऱ्याची कोवळी भाजी, तुरीची डाळ आणि सोलापुरी शेंगदाण्याची चटणी एवढे भाकरीबरोबर पडले तर ते ताट गरिबाचे म्हणता येणार नाही.

नवरात्राचा उपवास या हिशेबात नेमका आठव्या-नवव्या आठवड्यात येतो, जेव्हा कोरड्या आणि ओकाऱ्या सर्वांत जोरात असतात. नऊ दिवस साबुदाण्यावर काढण्याचा तो काळ नव्हे; तिने थोडे थोडे, दर दोन तासांनी खावे, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी भाकरीचा कोरडा तुकडा चावावा. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, तर ते ‘कडक डोहाळे’ म्हणून घरी सोसू नयेत, दवाखाना गाठावा. रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूस असह्य कळ, घेरी किंवा ताप यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला असेल तर काही तासांत जिवावर बेतू शकते. मिश्रीची डबी तर पहिल्याच दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, कारण तंबाखू हिरड्यांवाटे रक्तात उतरते आणि बाळाचे वजन घटवते. केळीच्या बागेत औषध फवारणी असेल त्या दिवशी तिला बांधावरही उभे करू नये.

आणि इतके करूनही गर्भ राहिला नाही तर? मग घरात चौकशी बसते: घागर कोणी उचलायला लावली, एस.टी.ने माहेरी कशास गेली, पपई खाल्ली का. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत दोष गुणसूत्रांतच, अगदी आरंभापासून, शिरलेला असतो. त्यात त्या पोरीचा काहीएक कसूर नसतो. त्या दिवसांत तिला गरम जेवण, विश्रांती आणि जवळ बसणारे माणूस हवे असते. हे मी सासूबाईंना आणि विशेषतः नवऱ्यांना उद्देशून लिहीत आहे.

नर्सबाईंचा हिशेब तोवर झालेला असतो. ९ ऑगस्टात सात दिवस आणि नऊ महिने मिळवून त्या माता-बाल कार्डावर १६ मे अशी तारीख लिहितात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. सासूबाई बोटांची पेरे मोजतात, क्षणभर थांबतात आणि सुनेकडे वळून म्हणतात, ‘म्हंजी आखितीच्या फुडं.’